साहेबांना भेट द्यावी का? सरकारी कार्यालयातल्या भेटी, आहेर आणि वर्गणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आस्थापना शाखेत बरीच वर्षे काढली. या काळात रजेच्या हिशोबाखालोखाल मला कुणी काही विचारलं असेल, तर ते भेटी, वर्गणी आणि आहेर यांबद्दल. ते प्रश्न दाराशी, हळू आवाजात यायचे. म्हणूनच ही उत्तरं उघडपणे लिहितो आहे. खालची माहिती मुख्यतः केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांवर आधारलेली आहे. राज्य सरकारी आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठी पुढे वेगळा प्रश्न आहे.

नियम नेमका काय आहे?

भेटींचा नियम १३ वा. सरकारी कर्मचाऱ्याने स्वतः भेट घेऊ नये, घरच्यांना घेऊ देऊ नये आणि आपल्या वतीने दुसऱ्या कुणालाही घेऊ देऊ नये, ही त्याची सुरुवात. अपवाद त्यानंतर येतात. आपल्याकडे समज उलटा आहे: भेट घ्यायला हरकत नाही, फार मोठी नसली म्हणजे झालं. नियमाची भाषा तशी नाही.

‘भेट’ या शब्दात फक्त वस्तू धरलेली नाही. फुकट प्रवास, राहणं, जेवण, एखादी सेवा किंवा पैशाचा कुठलाही फायदा हे सगळं त्यात येतं. मात्र सहज झालेलं एखादं जेवण, वाटेत दिलेली लिफ्ट किंवा घरी आलेल्याला दिलेला चहा-फराळ ही भेट धरत नाहीत.

पण नियमात ‘वरिष्ठ’ असा शब्दच नाही. मग हाताखालच्यांनी दिलेली भेट चालते का?

हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. शब्द नाही हे खरं. पण जवळचे नातेवाईक आणि ज्यांच्याशी कार्यालयीन संबंध नाही असे वैयक्तिक मित्र यांनाच नियम सवलत देतो. आता विचार करा. जो तुमची रजा मंजूर करतो, तुमच्या वर्षभराच्या कामाचा गोपनीय अहवाल लिहितो, बदलीच्या फाइलवर शेरा मारतो, त्याच्याशी तुमचा कार्यालयीन संबंध नाही असं कसं म्हणणार? तुम्ही दोघे एका गावचे असाल, एका वर्गात शिकला असाल, तरी तो तुमचा साहेब असेपर्यंत ही सवलत तुम्हाला लागू होत नाही, असंच मी नियम वाचतो.

रकमेच्या मर्यादा किती आहेत?

दोन वेगळ्या मर्यादा आहेत आणि गोंधळ तिथेच होतो.

पहिली लग्न, वाढदिवस, अंत्यविधी, धार्मिक कार्य अशा प्रसंगांची. रूढीप्रमाणे नातेवाइकांकडून किंवा कार्यालयीन संबंध नसलेल्या मित्रांकडून भेट घेता येते. पण तिची किंमत गट अ (वरिष्ठ अधिकारी) साठी २५,०००, गट ब (त्याखालचे अधिकारी) साठी १५,००० आणि गट क (लिपिक, शिपाई वगैरे) साठी ७,५०० रुपयांच्या वर गेली, तर सरकारला कळवावं लागतं.

दुसरी मर्यादा इतर सगळ्या प्रकरणांची. गट अ आणि ब साठी ५,००० आणि गट क साठी २,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीची भेट पूर्वमंजुरीशिवाय घेताच येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये या रकमा वाढवल्या, त्याआधी त्या १,५०० आणि ५०० होत्या. जुन्या पुस्तिकेत अजून जुनेच आकडे दिसतील.

हाताखालच्या माणसाची भेट दुसऱ्या मर्यादेत येते. आणि आठ जणांनी मिळून एक वस्तू दिली तर किंमत त्या वस्तूची धरावी, प्रत्येकाच्या वाट्याची नाही. “माझ्याकडून फक्त आठशेच” हे म्हणणं घेणाऱ्याच्या उपयोगाचं नाही.

साहेबांच्या मुलीचं लग्न आहे. पत्रिका सगळ्या शाखेला आली आहे. आहेर करावा का?

लग्नाला जा, जेवा, मुलीला आशीर्वाद द्या. त्यात गैर काहीच नाही. आहेर करायचाच असेल तर तो तुमच्या ऐपतीतला आणि साधा असू द्या: एखादं पुस्तक, पुष्पगुच्छ, एखादं भांडं. सोन्याची वस्तू आणि जाड पाकीट नको. शाखेने मिळून फ्रिज किंवा वॉशिंग मशीन द्यायचं ठरलं, तर ते ५,००० च्या वर जाणार हे उघड आहे आणि अडचणीत साहेब येतील. हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

साहेबांसाठी सगळ्यात चांगली सोय आपल्या पत्रिकांवर आधीपासूनच आहे. “कृपया आहेर आणू नये” ही ओळ छापा आणि पाळा. मी पाहिलेल्या एका अधिकाऱ्यांनी मुलाच्या लग्नात मांडवाच्या दाराशी पुतण्याला उभं केलं होतं. कार्यालयातल्या माणसाच्या हातात पाकीट दिसलं की तो हात जोडून म्हणायचा, “काका, हे खिशात ठेवा आणि आत जेवायला चला.” कुणालाही अपमान वाटला नाही. उलट शिपायापासून अधीक्षकापर्यंत सगळे मोकळेपणाने जेवले.

निवृत्तीच्या निरोप समारंभाची यादी फिरते, नावापुढे रक्कम आधीच लिहिलेली असते. द्यावीच लागते का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं झालं, तर हे ठेवा.

नियम १४ खालची टीप फार कमी लोकांनी वाचलेली असते. निरोप समारंभ कितीही खासगी आणि घरगुती असो, त्याच्या वर्गणीसाठी कुठल्याही कर्मचाऱ्यावर कसलंही दडपण आणायला मनाई आहे. पुढचा भाग आणखी स्पष्ट आहे. गट क आणि गट ड मधल्या कर्मचाऱ्यांकडून, या गटांबाहेरच्या कुणाही अधिकाऱ्याच्या समारंभासाठी कोणत्याही परिस्थितीत वर्गणी गोळा करता येत नाही. म्हणजे गट अ च्या अधिकाऱ्याला निरोप द्यायचा असेल, तर लिपिक आणि शिपाई यांच्यापुढे यादी नेणंच नियमाविरुद्ध. “त्यांनी खुशीने दिले” म्हटल्याने ते माफ होत नाही. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्रातला गट ड गट क मध्ये गेला, त्यामुळे मल्टी टास्किंग स्टाफही यात आलाच.

नोकरीच्या सुरुवातीला एका कार्यालयात मी अशी यादी पाहिली. फुलस्केप कागद, उभ्या रेषा आखलेल्या, शेवटच्या रकान्यात ‘मिळाले’ म्हणून टिकमार्क. कोणी दिले नाहीत हे कागद हातात आल्याबरोबर दिसायचं, आणि रकाना त्यासाठीच होता. आमच्या शिपायाच्या नावापुढे ५०० होते. त्याने काही न बोलता सही केली, मग जिन्यात मला गाठून म्हणाला, “भाऊ, तीनशे द्या, एक तारखेला परत करतो.” ज्या साहेबांसाठी ते पैसे होते, त्यांना हे कधी कळलंही नसेल. चांदीची समई मात्र त्यांच्या घरी गेली. त्या दिवशी मी गप्प बसलो, कारण टीप मलाही माहीत नव्हती.

म्हणजे निरोप समारंभ करायचाच नाही?

जरूर करा. तीस-पस्तीस वर्षं काम केलेल्या माणसाला चहा-सामोसा, शाल-श्रीफळ आणि दोन आपुलकीचे शब्द मिळायलाच हवेत. निवृत्ती किंवा बदलीच्या वेळचा घरगुती, अनौपचारिक समारंभ नियमात बसतो. औपचारिक सत्कार, छापील मानपत्र, भाड्याचं सभागृह आणि बाहेर फ्लेक्स असा थाट करायचा असेल, तर आधी परवानगी लागते.

पैसे जमवायचे असतील तर बंद डबा ठेवा, नाव नको आणि रक्कम नको. गट क च्या सहकाऱ्याचा निरोप असेल तर बरोबरीच्यांनी वर्गणी काढायला या टीपेची आडकाठी नाही, पण तिथेही सक्ती नको.

साहेब दौऱ्यावर येतात. राहणं, जेवण, गाडी, परतताना पिशवी, हे सगळं आम्ही खालचे लोक करतो. हे बरोबर आहे का?

बरोबर नाही. सरकारी नोकरीतली ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी भेट आहे.

दौऱ्यावरच्या अधिकाऱ्याला प्रवासभत्ता आणि दैनिक भत्ता मिळतो. विश्रामगृहाचं भाडं आणि जेवणाचा खर्च त्यासाठीच असतो. तरीही प्रत्यक्षात काय होतं ते किनारपट्टीच्या कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी जाऊन बघा. सकाळी फोन येतो: “उद्या साहेब येताहेत, चौघं आहेत.” मग कुणी सुरमई बघायला बाजारात, कुणी विश्रामगृहाच्या खानसाम्याला आगाऊ द्यायला. संध्याकाळी साहेबांच्या घरच्यांना समुद्र दाखवायला खासगी गाडी. परतताना डिकीत काजू, कोकम, आंबापोळी. बिल कुणाच्या नावावर? कुठल्याच नाही. ते तिथल्या चार-पाच जणांच्या खिशातून जातं. आणि दौरे वर्षातून आठ-दहा वेळा झाले की तोच माणूस ‘भरून काढायची’ वाट शोधू लागतो. कार्यालयाशी काम असलेला कंत्राटदार तिथे तयारच असतो. लहान जागी भ्रष्टाचार शिरतो तो अनेकदा याच वाटेने, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

नियमाच्या व्याख्येत फुकट राहणं, जेवण आणि प्रवास स्पष्ट लिहिलेला आहे. एकदा घरी बोलावून वरण-भात वाढला तर ते आदरातिथ्य. प्रत्येक दौऱ्याची बडदास्त ही भेट.

अधिकाऱ्यांसाठी उपाय दोन मिनिटांचा आहे. विश्रामगृहाची पावती स्वतःच्या नावावर फाडायला सांगा आणि जेवण झाल्यावर पाकीट आधी काढा. मी एका वरिष्ठ मॅडमना पाहिलं आहे. त्या जेवणाआधीच खानसाम्याला विचारायच्या, “पाच ताटांचे किती?” आणि ताटाशेजारी नोटा ठेवून मगच बसायच्या. त्यांच्या दौऱ्याची धास्ती कुणाला वाटत नसे. काम मात्र चोख तयार असायचं.

गावाहून आंब्याची पेटी आली आहे. साहेबांना पाठवू का?

शाखेत कापून सगळ्यांनी खा, साहेबांनाही बोलवा. हाच सगळ्यात चांगला मार्ग. संक्रांतीचा तिळगूळ, दसऱ्याची आपट्याची पानं, सत्यनारायणाचा प्रसाद, पेढे, दिवाळीच्या फराळाची ताटली यांना कुणी भेट म्हणत नाही. ते सगळ्यांना सारखं मिळतं, ही त्याची खूण.

एकट्या साहेबांच्या घरी गेलेली हापूसची पेटी वेगळी. किमतीने ती मर्यादेच्या आत असेल. पण ती दरवर्षी, गोपनीय अहवालाच्या मोसमात, एकाच दारात जात असेल तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाला त्याचा अर्थ बरोबर कळतो. मार्चअखेरीनंतर अहवाल आणि आंबे एकत्रच येतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

वस्तू नाही, पण साहेबांची कामं करतो. ती भेट होते का?

होते. व्याख्येत ‘सेवा’ आहे. मुलाला शिकवणीहून आणणं, विजेचं बिल भरणं, रविवारी घरी जाऊन संगणक दुरुस्त करणं, गावाकडच्या सातबाऱ्यासाठी चकरा मारणं, यांची पावती नसते म्हणून कुणी मोजत नाही. अडीअडचणीला एकदा मदत करणं माणुसकी आहे, तिला नियम आडवा येत नाही. रोजचा परिपाठ झाला की ती वेठ होते. कार्यालयीन वेळेत शिपायाला घरकामाला पाठवणं हा तर पदाचा गैरवापरच.

भेट साहेबांना नाही, त्यांच्या पत्नीला किंवा मुलाला दिली तर?

काही फरक पडत नाही. नियमात कुटुंबीय आणि ‘त्याच्या वतीने घेणारी कुणीही व्यक्ती’ दोन्ही आहेत. मुलाच्या वाढदिवसाला सायकल देणं म्हणजे साहेबांना सायकल देणंच. हुंड्यासाठी तर नियम १३-अ स्वतंत्र आहे. तो घेणं, देणं, मागणं, सगळंच बंद.

साहेबांनी आम्हाला दिलं तर चालतं का?

दिवाळीला साहेबांनी शिपायाला कपडे दिले, ड्रायव्हरच्या मुलीला वह्या दिल्या, शाखेला मिठाई आणली, यात अडचण नाही. गट क ची २,००० ची मर्यादा तिथेही लागू आहे एवढंच. प्रश्न एका ठिकाणी येतो: ते पैसे साहेबांच्या खिशातले आहेत की कुणा पुरवठादाराने आणून ठेवलेली खोकी वाटली जाताहेत? दुसरं असेल तर घेऊ नका.

सरकारी खर्चाने दिवाळीच्या भेटी देता येतात का?

नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रालये, विभाग आणि सार्वजनिक उपक्रमांना दिवाळी व इतर सणांच्या भेटींवर खर्च करायला मनाई केली.

साहेबांनी उसने पैसे मागितले. किंवा त्यांची जुनी गाडी मीच घ्यावी असं म्हणताहेत.

उसनवारी नियम १६ मध्ये येते. आपल्या अधिकारक्षेत्रातल्या किंवा ज्याच्याशी कार्यालयीन संबंध येतो अशा व्यक्तीकडून पैसे घेणं बंद आहे. नातेवाईक किंवा वैयक्तिक मित्राकडून छोटी, बिनव्याजी, तात्पुरती रक्कम घेता येते. हाताखालच्या माणसाला त्या मित्रांत मोजणं मला पटत नाही, कारण त्याला परत मागता येत नाही.

गाडीचा व्यवहार नियम १८ मध्ये. कार्यालयीन संबंध असलेल्या व्यक्तीशी मोठा व्यवहार करायचा तर पूर्वमंजुरी लागते. बाजारभावापेक्षा चढ्या दराने साहेबांची गाडी घेतली, तर वरची रक्कम ही भेटच असते.

सहकारी आजारी आहे. त्याच्यासाठी वर्गणी काढायची तर?

इच्छा चांगली आहे, पण नियम १२ प्रमाणे कुठल्याही कारणासाठी निधी गोळा करायला आधी परवानगी लागते. कार्यालयप्रमुखांना एक पानी अर्ज द्या. अशा कामाला नाही म्हणणारा अधिकारी मला भेटलेला नाही. परवानगीमुळे हिशोबही स्वच्छ राहतो. नुसती स्वतःची देणगी देणं नियमाविरुद्ध नाही.

भेट आणि लाच यांत रेषा कुठे आहे?

कामाच्या बदल्यात दिलं की ती लाच. बदली थांबावी, बढतीच्या यादीत नाव यावं, चौकशी मिटावी म्हणून साहेबांना दिलेली वस्तू वर्तणूक नियमांत राहत नाही. तिथे भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ लागतो. कलम ७ खाली घेणाऱ्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो. ज्याच्याकडून बळजबरीने घेतलं गेलं, त्याने सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर त्याला संरक्षण आहे. सात दिवस, हे विसरू नका.

भेट घेतली गेली आहे किंवा परत करता येत नाही. कळवायचं कसं?

तीन ओळी पुरतात. “दि. … रोजी … प्रसंगी … यांच्याकडून … ही वस्तू, अंदाजे किंमत रु. …, मला मिळाली. त्यांचे माझ्याशी … असे नाते / कार्यालयीन संबंध आहेत. नियम १३ नुसार माहितीसाठी / मंजुरीसाठी सादर.” पोच घ्या आणि जपून ठेवा. चौकशीत दहा साक्षीदारांपेक्षा आवक क्रमांक असलेला हा कागद जास्त कामाला येतो.

नियम मोडला तर काय होतं?

केंद्रीय नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियम, १९६५ खाली शिस्तभंगाची कारवाई होते. ठपका ठेवण्यापासून बडतर्फीपर्यंत. कामाच्या मोबदल्यात लाभ घेतल्याचं सिद्ध झालं तर सामान्यतः सेवेतून काढणं किंवा बडतर्फी हीच शिक्षा.

दडपण येतं आहे. नाही कसं म्हणू, आणि तक्रार कुठे करू?

एकट्याने नाही म्हणणं कठीण असतं, हे मान्य. म्हणून वाद घालू नका, नियम दाखवा. नियम १४ ची टीप छापून घ्या आणि यादी आणणाऱ्याला शांतपणे म्हणा, “मी गट क मध्ये आहे. माझ्याकडून घेतलेत तर साहेबच अडचणीत येतील.” हे खरं आहे आणि यात कुणाचा अपमान नाही. दोघा-तिघांनी मिळून म्हटलं तर यादी तिथेच थांबते, असा माझा अनुभव आहे.

तरी थांबलं नाही तर कार्यालयप्रमुख, त्यानंतर मुख्य दक्षता अधिकारी. नाव उघड होण्याची भीती असेल, तर केंद्रीय दक्षता आयोगाकडे २००४ च्या ‘पीआयडीपीआय’ (PIDPI, म्हणजे जनहितार्थ माहिती देणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या) ठरावाखाली बंद लिफाफ्यात तक्रार करता येते. लिफाफ्यावर ‘PIDPI’ हा शब्द लिहायचा, आत नाव-पत्ता द्यायचा. आयोग ओळख गुप्त ठेवतो. निनावी पत्रावर मात्र सहसा कारवाई होत नाही. महाराष्ट्रात लाच मागितली गेली असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे.

मी राज्य सरकारी / जिल्हा परिषद / गोवा सरकारचा कर्मचारी आहे. मला काय लागू?

राज्य कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना, म्हणजे प्राथमिक शिक्षक आणि ग्रामसेवकांनाही, १९६७ चे जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम. आयएएस, आयपीएस अधिकाऱ्यांना अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८. गोव्यात केंद्राचेच १९६४ चे नियम चालतात. रकमा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असू शकतात, म्हणून वरचे आकडे परस्पर लावू नका. आपल्या आस्थापना शाखेतून चालू मर्यादा लेखी घ्या.

भाऊ अमेरिकेत संघीय सरकारी नोकरीत आहे. तिथेही असंच आहे का?

तिथे हा विषय थेट नावाने आहे: हाताखालच्याने वरिष्ठाला भेट देऊ नये, त्यासाठी वर्गणीही मागू नये. अपवाद मोजके. एका प्रसंगाला १० डॉलरपर्यंतची वस्तू, कार्यालयात वाटून खायचे पदार्थ, घरी बोलावल्यावर नेतो तशी साधी भेट. लग्न, आजारपण, मूल होणं किंवा निवृत्ती अशा क्वचित येणाऱ्या प्रसंगी प्रसंगाला शोभेल अशी भेट चालते आणि तिच्यासाठी ऐच्छिक, नाममात्र वर्गणीही. वाढदिवस आणि नाताळ मात्र दरवर्षी येतात, त्यामुळे तिथे १० डॉलरच. आपल्या नियमात इतका नेमका, वरिष्ठ-कनिष्ठ असा स्वतंत्र भाग असावा असं मला मनापासून वाटतं.

मी नुकताच शाखाधिकारी झालो. पहिल्या दिवशी काय करू?

पुष्पगुच्छ घेऊन लोक येतील, तो घ्या आणि सगळ्यांना दिसेल असा मधल्या टेबलावर ठेवा. त्याच वेळी सांगून टाका: “माझ्या घरी काही आणायचं नाही. चहा माझ्याकडून.” पहिल्या महिन्यात जे तुम्ही परत कराल, ते पुन्हा येत नाही. आणि तुमच्या स्वतःच्या निरोपाची यादी कधी फिरली, तर ती मागवून घ्या, रकमेचा रकाना खोडा आणि गट क च्या नावांवर स्वतःच्या पेनने रेघ मारा.